पांढऱ्या टिंबाच्या काड्या

९ जानेवारी

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं विचारलं असं धर. नियम तूच काढलास. फोनवर मी ओरडतो आणि मध्येच ठेवून देतो, तर यापुढे जे काय सांगायचं ते कागदावर. घे कागद. पेन पहिल्याच ओळीला रुसलं म्हणून झटकलं, तर शिंतोडे उडाले. ते पण वाच.

कॉलेजचं विचारू नकोस. सोडलं ते सोडलं. बाबा अजून माझ्याशी आईमार्फतच बोलतात. "त्याला विचार, जेवणार आहे का." मी समोर ताट घेऊन बसलेला असतो.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मात्र बरं चाललंय. तळघरात आहे, उजेड नाही, एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला कायम बंद शटर. पण मालक आता अख्खं मशीन मला एकट्याला बांधायला देतात.

आता खरी गोष्ट. जिना चढून वर गेलं की पार्ट्सवाल्या काकांचं दुकान. तिथं काउंटरला ती असते. नाव सांगणार नाही, तू लगेच आईला कळवशील. आम्ही तिला पट्टीवाली म्हणतो, कारण तिच्या मनगटाला एक पट्टी बांधलेली असते आणि पट्टीची वायर टेबलाच्या लोखंडाला जोडलेली. स्वेटर काढताना अंगातली वीज चट्‌कन चावते ना, ती एखाद्या नाजूक पार्टला चावली तर पार्ट गेला, म्हणून. गिऱ्हाइकानं माल घ्यायला हात पुढे केला की ती आधी काउंटरच्या लोखंडी कडेकडे बोट दाखवते. "आधी लोखंडाला हात लावा." मंत्री आला तरी तेच म्हणेल.

मशीनची मेमरी लांबट काड्यांवर असते, आम्ही काडीच म्हणतो. ती प्रत्येक काडी स्वतःच्या मशीनवर तपासते आणि पास झाली की कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचं बारीक टिंब देते. तिचं टिंब दिसलं की आमचे मालकसुद्धा परत तपासत नाहीत. मी स्क्रू आणायला वर जातो तेव्हा एकावेळी एकच आणतो, आत्या. काय ते समज.

सोमवारी एका फोटोग्राफरचं मशीन आलं. प्रोसेसरवरचा पंखा बदलायचा होता आणि मेमरी वाढवायची होती. सकाळी वर गेलो तर त्यांच्याकडे पार्सलं आणणारा कुरियरवाला काउंटरवर रेलून उभा, आणि ती हसतेय. खळखळून! मला बघून कधी ओठ हलले नाहीत. तसाच खाली आलो, पंखा बसवून टाकला, आणि डोकं शांत झाल्यावर परत गेलो. तेव्हा कुरियरवाला गेला होता. तिनं कपाटातून दोन काड्या काढल्या आणि म्हणाली, "शेवटची जोडी आहे. तुमच्यासाठी बाजूला ठेवली होती."

तुमच्यासाठी! मी जिना उतरलो की उडलो ते आठवत नाही.

काड्या घातल्या. मालक म्हणाले, फोटोग्राफर किरकिऱ्या आहे, या वेळी तपासून दे. चाचणी साधी असते. प्रोग्रॅम काडीत काहीतरी लिहितो, तेच परत वाचतो, जुळलं नाही की एक लाल ओळ. एक ओळ आली तरी काडी बाद. माझा पडदा वरपासून खालपर्यंत लालभडक झाला. ओळीवर ओळ, थांबायलाच तयार नाही.

तेव्हा 'तुमच्यासाठी'चा अर्थ कळला. दुसरं कोणी घेईना, म्हणून ठेवली होती बाजूला. उद्या वर जातो आणि विचारतोच. तुला काही सांगायचं असेल तर सांग, पण मी थांबणार नाही.

तुझा,
तडतड्या


१२ जानेवारी

तडतड्या,

पत्र पोचलं, शिंतोडेही पोचले.

तुझ्या मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण तपासणी कळते. इस्पितळाच्या लॅबमध्ये नळ्या हलवतच माझे केस पिकले. आमच्याकडे एखादा आकडा भलताच आला तर कोणी लगेच पेशंटला घाबरवायला धावत नाही. ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे असा एक नमुना ठेवलेला असतो, तो त्याच यंत्रात घालायचा. तोही भलताच आला, तर पेशंटला घरी जाऊ द्यायचं आणि यंत्र उघडायचं.

तेव्हा एखादी जुनी, रोज नीट चालणारी काडी त्याच मशीनमध्ये घालून बघ. वर जायच्या आधी. 'आधी'खाली दोन रेघा मारल्या आहेत, दिसतात ना?

आणि जी मुलगी मंत्र्यालाही लोखंडाला हात लावायला लावेल, ती तुला खराब माल देईल असं तुझ्या मनात आलं तरी कसं? कुरियरवाल्याच्या वाटणीचं भांडण तू काडीशी करतो आहेस असं मला वाटतं.

बाबांचं मनावर घेऊ नकोस. लहानपणी माझ्याशी अबोला धरला की तो असाच आईला सांगायचा, "तिला म्हणावं, माझी कंपासपेटी दे." मी त्याच खाटेवर, त्याच्याच पांघरुणात.

आत्या


१६ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र वेळेवर आलं. मीच लवकर गेलो.

दहा तारखेला वर गेलो आणि काड्या काउंटरवर ठेवल्या. ठेवल्या म्हणजे आपटल्या. ती म्हणाली, "हळू." मी म्हटलं, "हळू कशाला? मेलेल्याच आहेत." तिनं त्याच सकाळी आलेल्या नव्या खोक्यातून जोडी काढली, माझ्यासमोर तिच्या मशीनवर लावली, पूर्ण तपासली, टिंब दिलं. मला तेवढा वेळ उभं केलं. मी लोखंडाला हात लावून उभा, शाळेत उभं करतात तसा.

खाली आणली, लावली, लाल.

मग माझा ताबा गेला. वर चार गिऱ्हाइकं होती, काका गल्ल्यावर होते. मी म्हटलं, "हे टिंब नुसतं दाखवायला आहे. परत आलेला माल रंग लावून खपवता तुम्ही." काका उठून उभे राहिले. "काय गं, काय म्हणतोय हा?" तिनं माझ्याकडे बघितलं. रडली वगैरे नाही. म्हणाली, "तुमच्या मशीनवर माझी काडी लाल येते. माझ्या मशीनवर येत नाही. एवढंच मला माहीत आहे." आणि पट्टी सोडायला लागली. मी जिना उतरलो.

दुसरी जोडी माझ्याकडेच राहिली, तेवढ्या गडबडीत कोणी मागितलीच नाही.

मग तुझं पत्र आलं. मी तुझं ऐकलं, नाही असं नाही. माझ्या स्वतःच्या मशीनमधली जोडी काढून फोटोग्राफरच्या मशीनमध्ये घातली. कधी कुरकुर न केलेली जोडी. तीपण लाल!

आता सगळं उघड झालं. तिच्या पहिल्या जोडीनंच मशीनचा बोर्ड, सगळे पार्ट ज्यावर बसतात तो, बिघडवला. त्या दिवशी हसण्याच्या नादात पट्टी बांधायची राहिली असेल, काडीला वीज चावली असेल, आणि ती बिघडलेली काडी आमच्या बोर्डाला लागली. म्हणजे काडीही तिची आणि बोर्डही तिच्यामुळे. मालक म्हणतात, बोर्ड कोण भरून देणार ते बघ. फोटोग्राफर रोज जिन्यात उभा असतो. माझं जेवणावर लक्ष नाही, सारखा उठतो, बसतो, आई म्हणते पायाला चाकं लावलीत का.

तडतड्या

ता. क. पार्ट्सवाल्या काकांनी पहिली जोडी कंपनीकडे तपासायला पाठवली आणि उत्तर येईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलंय. काउंटरवर आता त्यांचा पुतण्या असतो. लोखंडाला हात लावा म्हणत नाही.


१९ जानेवारी

तडतड्या,

एका मुलीची नोकरी तू ताज्या कलमात लिहिलीस. मी तेच पहिलं वाचलं.

एक ऐक. मी नवी असताना एका सकाळी एकाच वॉर्डातून आलेल्या सगळ्या नमुन्यांत पोटॅशियम इतकं चढलेलं आलं की कागदावर ती माणसं जिवंत असायला नको होती. मी वर धावले, तर सगळी चहा गार आला म्हणून भांडत होती. यंत्रात ठाऊक नमुना घातला, तो बरोबर आला. रक्त ठीक, यंत्र ठीक, आणि आकडा तरी खोटा. शेवटी आमच्या मोठ्या बाई वॉर्डात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. नवीन आलेली नर्स दंडाला पट्टा करकचून आवळत होती आणि वर पेशंटला मूठ वळायला लावत होती. रक्त बाहेर येतानाच बिघडत होतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तुझा पडदा काय सांगतो? लिहिलेलं आणि वाचलेलं जुळलं नाही, एवढंच ना? मध्ये काय काय आहे ते तो सांगत नाही. 'मेमरी' हा शब्द त्यानं उच्चारला आणि तू सरळ मेमरीवाल्या मुलीच्या अंगावर गेलास.

बोर्ड बिघडला म्हणतोस तर मला एवढंच सांग, तिच्या काड्या घालायच्या आधी त्या मशीनला शेवटचा हात कोणाचा लागला होता? आणि तेव्हा त्या हाताचं डोकं ठिकाणावर होतं का?

आपल्या घरातले हात तुला ठाऊक आहेत. तुझे बाबा नळ असा बंद करतात की तुझी आई पकड घेऊन उघडते. माझ्या हातचं बरणीचं झाकण शेजारपाजारी कोणाला निघत नाही.

आत्या


२२ जानेवारी

आत्या,

हात माझाच होता.

तुझं पत्र वाचून आधी फेकलं. मग उचललं, चुरगळलेलं सरळ केलं. मग मशीन उघडलं.

बोर्डावर काड्यांना चार खाचा असतात. मी नेहमी जोडी लावत होतो, एक प्रोसेसरजवळच्या खाचेत आणि एक लांबच्या, मॅन्युअलमध्ये तसंच सांगतात. या वेळी एकच काडी घेतली, माझी जुनी, आणि एकेका खाचेत फिरवली. प्रोसेसरपासून लांबच्या दोन खाचांत लाल. जवळच्या दोन खाचांत एक ओळ नाही. मग तिची पांढऱ्या टिंबाची काडी घेतली. तेच. कुठलीही काडी घाल, लाल त्याच दोन खाचांत. पंधरा दिवस मी काड्या बदलत होतो आणि खाच कोणी बदलून बघितलीच नाही!

मग पंखा आठवला. तो प्रोसेसरवर चार स्क्रूंनी बसतो. हळूहळू, आळीपाळीनं, समोरासमोरचे फिरवायचे आणि हाताला अडकल्यासारखं वाटलं की थांबायचं. मी त्या दिवशी कुरियरवाल्याला डोळ्यासमोर ठेवून फिरवले होते. एक कोपरा आधी, पूर्ण, दात खाऊन. बोर्ड उचलून आडवा धरला तर पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा वाकलेला. प्रोसेसरच्या खाली बारीक टोकं असतात, त्यातली काही एका बाजूला टेकतच नव्हती. लांबच्या दोन खाचांची वाट त्याच टोकांवरून जाते.

चारही स्क्रू सोडले. पंखा उतरवला, पुसला, परत बसवला, बोटांच्या टोकांनी फिरवला. चारही खाचा भरल्या, तिच्याच टिंबाच्या जोडीनं आणि माझ्या दोन जुन्यांनी. चाचणी लावली आणि पडद्यासमोरून हललो नाही. मालकांनी दोनदा हाक मारली. एकही ओळ आली नाही, आत्या. उघड्या मशीनमध्ये काडीचं पांढरं टिंब तेवढं दिसत होतं.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं ना नीट? मग तोंड बंद. वरच्यांना मी फोन करून सांगतो, काहीतरी गैरसमज झाला म्हणून. आपण स्क्रू वेडेवाकडे आवळतो हे बाहेर कळलं तर कोण येईल तळघरात?"

त्यांचंही चूक नाही. फोन केला की काका तिला बोलावतील. माझं नाव कुठे येणार नाही. पण ती चार गिऱ्हाइकं? त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल?

मी आत्ता लगेच वर जाणार होतो. पायऱ्यांपर्यंत गेलोही. मग म्हटलं, दर वेळी आधी गेलो आणि मग तुझं पत्र आलं. या वेळी थांबतो. तू सांगशील तसं.

तडतड्या


२५ जानेवारी

अरे शहाण्या, थांबायचं ते नेमकं आत्ताच सुचलं? पत्र खिशात घाल आणि जा. जिथं ओरडलास तिथंच.

आत्या


३० जानेवारी

आत्या,

गेलो.

मशीन खांद्यावर घेऊन गेलो, पडद्यासकट. जिन्यात फोटोग्राफर भेटला, म्हणाला, "कुठं चोरून नेताय माझं?" म्हटलं, "चला तुम्ही पण." तो पडदा धरून मागे आला. वर दुकानात गर्दी होती. त्या दिवशीच्यातलं एकच गिऱ्हाईक ओळखीचं दिसलं, टक्कल असलेला, माउसवाला. बाकी नवीन. चालेल म्हटलं.

काकांना म्हटलं, पाच मिनिटं जागा द्या. पुतण्या म्हणाला, "आता काय खराब निघालं?" मी म्हटलं, "मी." लोक हसले. मी मशीन उघडं ठेवलं, तिच्याच टिंबाची जोडी लांबच्या खाचांत लावली, पडद्यावर साफ दाखवलं. मग सगळ्यांसमोर पंखा सोडला आणि त्या दिवशी आवळला तसा कोपरा आवळला. चालू केलं, लाल. फोटोग्राफर ओरडला, "अहो माझं मशीन आहे ते!" परत सैल केलं, परत बसवलं. साफ. मग म्हटलं, "काडी चांगली होती. पहिलीही असणार. टिंब खरं आहे. हात माझा वाईट होता आणि तोंड त्याहून." हे शेवटचं पाठ करून गेलो होतो.

टकलूनं विचारलं, "मग माझा माउस चांगला असेल ना?" पुन्हा हशा. काका हसले नाहीत. म्हणाले, "कंपनीचं उत्तर कालच आलं, काड्या उत्तम आहेत म्हणून. तिला बोलावलं लगेच. येत नाही म्हणाली." मी पत्ता मागितला. "पत्ता कशाला? तिच्या दारात जाऊन ओरडायला? पत्र लिही, मी पोचवतो."

तुझ्यामुळे पत्राची सवय झाली म्हणून बरं. काउंटरवर उभ्या उभ्याच लिहिलं. काय झालं तेवढं लिहिलं, कोणती खाच, कोणता स्क्रू, कशानं लाल आलं. माफी मागितली. मनातलं बाकी काही लिहिलं नाही. माफीच्या पाकिटातून तेही सरकवणं बरं दिसलं नसतं.

मालकांनी मला मशीन बांधायला देणं बंद केलंय. धूळ झटकतो, वायरी गुंडाळतो. त्याचं काही नाही. टपाल येतं ते झेरॉक्सवाल्याकडे येतं. त्याला इतक्यांदा विचारलं की आता मला बघितलं की तो लांबूनच मान हलवतो.

बाबा काल थेट माझ्याशी बोलले. म्हणाले, "तो स्वयंपाकघरातला नळ जरा बघ."

तडतड्या


८ फेब्रुवारी

तळघरवाले,

वरच्या दुकानात आम्ही तुम्हाला एवढंच म्हणायचो. 'एक स्क्रूवाले' असंही म्हणायचो, पण ते पाठीमागे.

पत्र मिळालं. काकांनी बोलावलं तरी मी परत गेले नाही. माझ्या टिंबावर त्यांनी इतका माल विकला आणि एका माणसाच्या आवाजावर त्यांना ते टिंब खोटं वाटलं. तो राग तुमच्यावरच्या रागापेक्षा मोठा आहे. तुमच्यावरचाही लहान समजू नका. घरी बसले होते तेव्हा माझी आई रोज विचारायची, "नक्की तपासल्या होत्यास ना गं?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी मलाच खात्री वाटेना. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

आता मी वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागले आहे. इथे कोणी ओरडलं की आधी काट्यावर ठरलेलं वजन ठेवतात आणि मग बोलतात. मला बरं वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तपासणी नीट केली आहे, पण अर्धी लिहिली आहे. स्क्रू जास्त आवळला असं म्हणता. का आवळला, ते कुठेच नाही. त्या सोमवारी कुरियरवाले मला त्यांच्या लग्नाचे फोटो दाखवत होते. एका फोटोत नवरदेव फेट्यासकट खुर्चीवरून पडताना आला आहे, म्हणून मी हसत होते. तेव्हा तुम्ही दारात आलात आणि माल न घेता परत गेलात. काड्या न्यायला आलात तेव्हा तुमच्या तळहातावर स्क्रू ड्रायव्हरचा लाल वळ होता. मी पाहिला होता. याचा त्याच्याशी संबंध असेल तर तेही लिहायला हवं होतं.

दुकानात सगळ्यांना तुम्ही लाल आणि साफ करून दाखवलंत असं काकांनी सांगितलं. मी तिथे नव्हते. ऐकलेला निकाल मी धरत नाही, मला स्वतः बघायचं आहे. फोटोग्राफरचं मशीन परत गेलं असेल तर दुसरं कुठलंतरी जुनं आणा. कारखाना शनिवारी दुपारी रिकामा असतो. पत्ता पाकिटावर आहे. स्क्रू मी आवळेन आणि मीच सैल करेन. तुम्ही फक्त पडदा वाचायचा आणि दिसेल तेच सांगायचं, हळू आवाजात. मग राहिलेलं अर्धं तोंडी सांगितलंत तरी चालेल.

दाराची कडी लोखंडी आहे. आत येण्याआधी तिला हात लावा.

पट्टीवाली
(हे नाव मला पहिल्यापासून माहीत होतं.)